महामारीच्या काळात क्रूझ: बंदरं बदलणारच असं धरून तयारी कशी करावी

क्रूझचं बुकिंग करताना बहुतेक लोक एकाच क्रमाने जातात. आधी बंदरांची यादी पाहून सफर पसंत करतात, मग स्वस्त मिळाली म्हणून विमानाची तिकिटं काढतात, हॉटेल घेतात, किनाऱ्यावरच्या सहली बुक करतात. व्हिसा त्यानंतर येतो, विमा सगळ्यात शेवटी, आणि करार तर कोणी उघडूनही पाहत नाही. एरवी हे चालून जातं. साथ पसरलेली असते तेव्हा याच क्रमामुळे पैसे बुडतात आणि माणसं अडकतात.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करा (विमा आणि व्हिसा यांत आधी कोणतं, ते टप्पा ६ मध्ये आहे). २०२० ते २०२२ या काळात जगभरच्या जहाजांवर जे घडलं, त्यातून हा क्रम आला आहे. कोविड ओसरला म्हणून तो कालबाह्य झालेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पटकीच्या (कॉलराच्या) नुसत्या संशयावरून मॉरिशसने एका मोठ्या क्रूझ जहाजाला पोर्ट लुईच्या धक्क्याला लागू दिलं नव्हतं. तपासणीत पटकी निघाली नाही, पण तोवर सगळ्यांच्या पुढच्या प्रवासाचं गणित विस्कटलं होतं.

टप्पा १: बंदर कोणत्या कारणाने हातचं जातं ते ओळखा

‘बंदर रद्द झालं’ हे वाक्य एकच असलं तरी त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाची तयारी निराळी असते.

पहिलं कारण, देशच बंद होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडाने मोठ्या क्रूझ जहाजांवरची बंदी थेट पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढवली (नंतर ती मुदत अलीकडे आणली). ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये घातलेली बंदी एप्रिल २०२२ मध्ये उठली. अशा बंदीची खबर आठवडे-महिने आधी लागते. इथे प्रश्न असतो तो रद्द करण्याच्या मुदतीचा आणि परताव्याचा.

दुसरं कारण, देश उघडा असतो, पण तुमच्याच जहाजाला नकार मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओडिसी ऑफ द सीज’वर ५५ जण बाधित निघाले. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव आणि अरुबा या दोन्ही बंदरांची भेट हुकली आणि उरलेल्या सफरीत कुठेही न थांबता जहाज फ्लोरिडाला परतलं. त्याच आठवड्यात ‘कोनिंग्सडॅम’ला मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्ताने प्रवासी उतरवू दिले नाहीत. अशी बातमी आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी कळते. बदली बंदर मिळालंच तर ते कोणत्या देशातलं असेल, हे तेव्हाच ठरतं. म्हणून इथे सगळा भार कागदपत्रांवर येतो.

तिसरं कारण, जहाज अर्ध्यातून फिरतं किंवा सफर भलत्याच ठिकाणी संपते. नववर्षाच्या सफरीवर निघालेलं ‘आयडानोव्हा’ कर्मचाऱ्यांमधल्या संसर्गामुळे लिस्बनमध्येच थांबलं आणि जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला प्रवाशांना तिथूनच विमानाने घरी पाठवावं लागलं. याच महिन्यात हाँगकाँगने ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ला मुदतीआधी माघारी बोलावलं. अशा वेळी खरी कसोटी परतीच्या तिकिटाची आणि विम्याची.

तुमच्या मार्गावर यातलं काय घडण्याची शक्यता जास्त, ते आधी कागदावर लिहून काढा. पुढचे सगळे निर्णय त्यावरून सुचत जातील.

टप्पा २: पैसे भरण्याआधी करार वाचा

जवळजवळ प्रत्येक क्रूझ कंपनीच्या करारात या अर्थाचं कलम असतं: कंपनी किंवा कप्तान कोणतंही बंदर वगळू शकतो, बदलू शकतो, वेळ कमी करू शकतो आणि त्याबद्दल भरपाई देण्याचं बंधन नाही. माहितीपत्रकावर छापलेली बंदरं ही कंपनीची योजना आहे; तुम्ही विकत घेता ती केबिन, जेवण आणि ठरलेल्या तारखांचा समुद्रप्रवास. हे मान्य नसेल तर साथीच्या काळात क्रूझ घेऊ नका, असंच मी सांगेन. ग्रीसमधलं फक्त सांतोरिनी बेट पाहायचं असेल तर सांतोरिनीला विमानाने जा.

करारात या गोष्टी शोधा आणि सापडतील तिथे खूण करा:

१. बंदर वगळलं तर त्या बंदराचे कर आणि शुल्क परत मिळतं का, आणि कसं. बऱ्याचदा ते जहाजावरच्या खात्यात जमा होतं. रक्कम लहान असते, पण ती तुमची असते.

२. ‘रद्द’ कशाला म्हणायचं. सात दिवसांची सफर चार दिवसांत संपली तर उरलेल्या तीन दिवसांचे पैसे मिळतात की नाही?

३. जहाजावर चाचणी बाधित आली तर विलगीकरणाचा, उतरवल्यानंतरच्या हॉटेलचा आणि परतीच्या विमानाचा खर्च कोणाच्या माथी.

४. तुमच्याबरोबरचा माणूस बाधित निघाला तर तुम्हाला जहाजावर राहू देतात का.

५. वाद झाला तर कोणत्या देशातल्या न्यायालयात.

कायद्याचं संरक्षण तुम्ही कुठून बुकिंग केलं आणि कुठून जहाजात चढलात यावर बदलतं. अमेरिकन बंदरातून निघणाऱ्या जहाजांसाठी तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनचा (सागरी वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम १८ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. सफर रद्द झाली, किंवा निघायला तीन दिवस वा त्याहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही ती नाकारली, तर पैसे परत. मधलं एखादं बंदर वगळलं तर हा नियम उपयोगी पडत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये पॅकेज म्हणून घेतलेल्या सफरीत निघण्याआधी महत्त्वाचा बदल झाला तर दंड न भरता माघार घेता येते. लंडन किंवा फ्रँकफर्टहून बुकिंग करणाऱ्या मराठी मंडळींनी हा मुद्दा एजंटला जरूर विचारावा. भारतात खास क्रूझसाठी असा नियम नाही. इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि तुमच्या हातातला लेखी पुरावा हाच आधार.

एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली होती, तिच्या भरवशावर लोक पूर्ण परतावा मागतात. त्या सनदेतलं परताव्याचं कलम जहाजातल्या यांत्रिक बिघाडासाठी आहे. साथीमुळे बंदर हुकलं तर ते लागू होत नाही.

*सावधान: एजंटने फोनवर दिलेली हमी पुढे कोणी ओळखत नाही. फोन ठेवल्यावर लगेच ‘आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?’ अशी ईमेल पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.*

टप्पा ३: मार्ग निवडताना बंदरांकडे नंतर पाहा

आधी दोनच ठिकाणं पाहा, चढण्याचं आणि उतरण्याचं. दोन्ही एकच असतील तर मधलं काहीही बदललं तरी जहाज बहुधा तिथेच परत येतं, तुमचं सामान आणि विमान तिथेच असतं. एका देशात चढून दुसऱ्यात उतरायच्या सफरी साथीच्या काळात टाळाव्यात. ‘झांडॅम’ हे जहाज ७ मार्च २०२० रोजी ब्युनॉस आयर्सहून निघालं, चिलीतल्या सान अंतोनियोला दोन आठवड्यांत पोचायचं होतं. दक्षिण अमेरिकेतली बंदरं एकामागून एक बंद झाली, जहाजावर आजार पसरला, चार प्रवासी दगावले. पनामा कालवा ओलांडून २ एप्रिलला ते फ्लोरिडात लागलं तेव्हा प्रवाशांनी काढलेली चिलीहून परतीची तिकिटं निरुपयोगी झाली होती.

मग मार्गावर किती देश येतात ते मोजा. देश जितके जास्त, तितक्या सरकारांचे निर्णय तुमच्या सफरीत येतात. सिंगापूरने नोव्हेंबर २०२० पासून कुठल्याच बंदराला न लागता परत येणाऱ्या सफरी सुरू केल्या, त्या याच कारणासाठी. अशा सफरीतही चाचणीचा निकाल येईपर्यंत अख्खं जहाज थांबू शकतं, पण निदान तुम्ही परक्या देशात अडकत नाही.

आता ज्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही ते. मार्गातलं एखादं बंदर कायद्यासाठी असू शकतं. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं संध्याकाळी थोडा वेळ कॅनडातल्या व्हिक्टोरियाला का थांबतात? अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, त्याच देशात फिरवून आणता येत नाही. म्हणून कॅनडा बंद झाला तेव्हा एक थांबा गेला नाही, मोठ्या जहाजांचा अलास्काचा हंगामच अडकला. मे २०२१ मध्ये अमेरिकेला त्यासाठी तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला. एजंटला सरळ विचारा: ‘या मार्गावरचं कोणतं बंदर गेलं तर सफरच रद्द होईल?’ ज्याला उत्तर देता येतं, त्याच्याकडून बुकिंग करा.

देशांतर्गत सफर म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर सुमारे २००० लोकांच्या तपासणीत ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुरगावहून मुंबईला परत आलं. देश एक असला तरी बंदरावर उतरू देण्याचा निर्णय राज्याचं आरोग्य खातं आणि स्थानिक प्रशासन घेतं. मुंबई–गोवा–कोची मार्गावर म्हणजे तीन राज्यांचे नियम.

*पुढे जाण्याआधी तपासा: चढ-उताराचं बंदर एकच आहे का? एकूण किती देश किंवा राज्यं आहेत? कायद्यासाठी आवश्यक बंदर कोणतं?*

टप्पा ४: यादीत नसलेल्या बंदरांसाठीही कागद तयार ठेवा

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. अमेरिकन किंवा जर्मन प्रवाशाला बदली बंदर म्हणजे दिवसाचा वेगळा कार्यक्रम. आपल्याला तो व्हिसाचा प्रश्न असतो.

समजा, इस्तंबूलला चढून इझमीर आणि कुशादासीला जायचं आहे आणि तुमच्याकडे फक्त तुर्कस्तानचा व्हिसा आहे. कुशादासीऐवजी जहाज ग्रीसच्या ऱ्होड्सला लागलं की शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा) व्हिसा नसलेल्या प्रवाशांना जहाजावरच बसून राहावं लागतं. हा बदल निघण्याआधी जाहीर झाला तर चेक-इनलाच अडवू शकतात, कारण मार्गावरच्या सर्व देशांचे व्हिसा असल्याशिवाय चढू न देण्याचा हक्क कंपन्या राखून ठेवतात.

म्हणून असं करा:

१. नकाशा घ्या. मार्गावरच्या प्रत्येक बंदरापासून एका रात्रीच्या अंतरावरची मोठी क्रूझ बंदरं लिहा. बदली बंदर जवळपास नेहमी यातूनच येतं.

२. त्या सगळ्या देशांसाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं ते त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. समुद्रमार्गे येणाऱ्यांचे नियम विमानाने येणाऱ्यांपेक्षा वेगळे असू शकतात. ई-व्हिसा ठरावीक बंदरांवरच चालतो, हे विशेष पाहा.

३. व्हिसा मागताना मल्टिपल एंट्रीच मागा. बार्सिलोनाहून निघून मोरोक्कोच्या टँजिअरला जाऊन पुन्हा स्पेनला येणं म्हणजे दुसरा प्रवेश. सिंगापूरहून पेनांगला जाऊन परत येणं, हाही सिंगापूरमध्ये दुसरा प्रवेश.

४. पासपोर्टची मुदत सफर संपल्यानंतर किमान सहा महिने हवी. साथीच्या काळात मी आठ-नऊ महिने धरायला सांगेन, कारण अडकून राहिलात तर ते दिवसही त्यातच मोजले जातात.

अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, पण आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू असेल, तर तीस दिवसांपर्यंत फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परत येण्याची सवलत आहे. तिच्या भरवशावर लोक मेक्सिकोच्या कोझुमेलची क्रूझ घेतात. साथीत कोझुमेल हुकलं आणि जहाज बहामातल्या नासाऊला गेलं, तर एच-१बी वाल्यांना ही सवलत त्या बेटांसाठी नाही. बेटांची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावर असलेल्यांना आहे. म्हणजे जहाजाने घेतलेल्या निर्णयामुळे तुमचा परतीचा प्रवेश अडचणीत येतो. शिक्का जुना असेल तर साथीच्या काळात क्रूझला जाऊ नका. जायचंच असेल तर निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घ्या.

परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलेल्यांनी कार्डही बरोबर ठेवावं. सफर भलत्या ठिकाणी संपली आणि थेट भारतात यावं लागलं तर तेच लागेल.

आता आरोग्याचे कागद. लसीचं प्रमाणपत्र क्रूझ कंपनीने मान्य केलं म्हणजे प्रत्येक बंदराने मान्य केलं असं होत नाही. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. तोवर दोन्ही डोस झालेल्या भारतीयांना कित्येक देश लस न घेतलेल्यांत मोजत होते. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळली पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये कुठे असतं, कुठे नसतं. ही दुरुस्ती महिनाभर आधी करून घ्या.

चाचणीच्या बाबतीत नेहमीची चूक तासांची. ‘७२ तासांच्या आतली’ म्हणजे नमुना दिल्यापासून की अहवाल आल्यापासून? आणि मोजायचं जहाजात चढण्यापर्यंत की पहिल्या परदेशी बंदरापर्यंत? लेखी विचारा. पुण्याहून दुबईला जाऊन चढणार असाल तर विमान कंपनीचे तास आणखी निराळे असतील.

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या मार्गावर पीतज्वराची लस यादीतल्या बंदरांना लागत नसली तरी घेण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करा. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

*सावधान: ‘व्हिसाचं आम्ही बघतो’ असं सांगणारा एजंट फक्त छापील यादीतल्या बंदरांचं बघतो. बदली बंदरांचं तुम्हालाच पाहावं लागेल.*

टप्पा ५: विमा, आणि तोही लवकर

आगाऊ रक्कम भरली त्याच आठवड्यात विमा घ्या. साथ जाहीर झाल्यानंतर किंवा एखाद्या देशाने बंदी घातल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती घटना ‘आधीच माहीत असलेली’ धरली जाते आणि दावा फेटाळला जातो.

पॉलिसीच्या दोन पानी जाहिरातीवर विसंबू नका, शब्दन्‌शब्द असलेला मूळ मसुदा मागा. त्यात पाहा: महामारी वगळली आहे का? क्रूझचा प्रवास धरला आहे का? जहाजावरच्या दवाखान्यातला उपचार ‘परदेशातला उपचार’ मानतात का? खोल समुद्रातून हलवावं लागलं तर त्याचा खर्च आहे का? सक्तीच्या विलगीकरणाचा खर्च किती दिवस मिळतो? जहाजावरचा दवाखाना खासगी असतो, बिल तिथेच तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि दावा नंतर तुम्ही करायचा असतो.

भीती वाटली म्हणून सफर रद्द केली तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. हुकलेल्या बंदराबद्दल काही पॉलिसींत ठरावीक रक्कम असते. असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी महाग पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. पैसा उपचार, हलवणं आणि प्रवास अर्ध्यात तुटणं यावर लावा.

सरकारी सल्ल्याचं कलमही पाहा. ३० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने क्रूझप्रवासाचा धोका सर्वोच्च पातळीवर नेला आणि लस घेतली असली तरी क्रूझ टाळा असं सांगितलं. अधिकृत सल्ला डावलून केलेल्या प्रवासाला काही पॉलिसी संरक्षण देत नाहीत. असा सल्ला आला की लगेच विमा कंपनीला ईमेल करून ‘माझी पॉलिसी चालू आहे का’ हे विचारून ठेवा.

टप्पा ६: तिकिटं आणि सहली सगळ्यात शेवटी

क्रम असा ठेवा: आगाऊ रक्कम, विमा, व्हिसा, पूर्ण रक्कम, मग विमान. पूर्ण रक्कम भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी आठवडाभर सगळं नव्याने तपासा. तिथपर्यंत मागे फिरलात तर नुकसान बहुधा आगाऊ रकमेपुरतंच असतं, त्यानंतर ते झपाट्याने वाढतं. ही तारीख कॅलेंडरवर लाल अक्षरात लिहा.

विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या. चढण्याच्या शहरात किमान एक दिवस आधी पोचा, आणि उतरण्याच्या दिवशीच परतीचं विमान ठेवू नका. चाचण्या, आरोग्य खात्याची परवानगी, उशिरा मिळालेला धक्का यांत अर्धा दिवस सहज जातो.

किनाऱ्यावरच्या सहली क्रूझ कंपनीकडून घेतल्या तर महाग पडतात, पण बंदर रद्द झालं की पैसे आपोआप परत येतात. शिवाय काही देशांनी २०२१ मध्ये जहाजाच्या सहलीतूनच उतरायला परवानगी दिली होती. स्वतःची टॅक्सी केलेल्यांना धक्क्यावरूनच परत फिरावं लागलं. बाहेरून सहल घेणार असाल तर ‘जहाज बंदराला न लागल्यास पूर्ण परतावा’ हे वाक्य पावतीवर हवं.

शक्य तिथे क्रेडिट कार्डाने भरा. रोख भरलेल्या रकमेचा माग काढणं फार अवघड होतं.

टप्पा ७: शेवटचे पंधरा दिवस

तुमच्याच जहाजाच्या आधीच्या फेऱ्यांवर नजर ठेवा. जहाजाची जागा दाखवणाऱ्या मोफत संकेतस्थळांवर त्याचं नाव टाकलं की ते कुठे आहे ते दिसतं. मागच्या फेरीत ते ठरलेल्या बंदराला गेलंच नसेल किंवा बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं असेल, तर तुमच्या फेरीतही तेच होण्याची दाट शक्यता आहे. कंपनीची ईमेल येण्याआधी अशी माहिती मिळून जाते.

बंदरांचे नियम रोज पाहायची गरज नाही, दर तीन दिवसांनी पाहा. शेवटच्या तीन दिवसांत मात्र रोज. पाहायचं ते त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रकांवर तारीख नसते.

सामानात औषधं सफरीच्या दिवसांपेक्षा किमान पंधरा दिवस जास्त घ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ लोक विलगीकरणात होते, त्यांत १३८ भारतीय. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या वयस्कर प्रवाशांचे तिथे फार हाल झाले.

घरच्या एका माणसाकडे पासपोर्ट, व्हिसा, विमा, करार आणि बुकिंग यांच्या प्रती ठेवा. जहाजावरचं इंटरनेट बंद पडलं तर एजंट आणि विमा कंपनीशी त्यालाच बोलावं लागेल. मार्गावरच्या देशांतल्या भारतीय दूतावासांचे आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून घ्या.

*निघण्याआधी तपासा: सर्व कागदांच्या छापील प्रती आहेत का? पंधरा दिवसांची जादा औषधं? परतीचं तिकीट बदलता येतं का, आणि ते बदलायला कोणाला फोन करायचा?*

टप्पा ८: जहाजावर बदलाची घोषणा झाली की

पहिल्या तासात या क्रमाने कामं करा:

१. घोषणेची वेळ आणि दिलेलं कारण लिहून ठेवा. केबिनमध्ये आलेल्या पत्राचा, ॲपवरच्या संदेशाचा फोटो घ्या. दाव्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नंतर मिळत नाही.

२. नव्या बंदरासाठी आपल्या पासपोर्टला काय लागतं ते विचारा. उतरता येणार का, हे लेखी घ्या.

३. सफर लवकर संपणार असेल किंवा ठिकाण बदलणार असेल तर लगेच विमान बदला. उशीर केलात तर जहाजावरचे हजारो लोक तुमच्या आधी त्याच जागा घेतील.

४. विमा कंपनीला ईमेल करा. दावा नंतर भरला तरी चालतो, सूचना मात्र वेळेत गेलेली हवी.

५. बाहेरून घेतलेल्या सहलीवाल्याला कळवा.

ताप-खोकला असेल तर लपवू नका. तुमच्या बरोबरच्यांचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं, आणि आजार लपवल्याचं उघड झालं तर विम्याचा दावाही धोक्यात येतो. विलगीकरणात ठेवलं तर तारखा आणि कारण असलेलं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मागून घ्या.

रिसेप्शनवरच्या कर्मचाऱ्यांशी भांडू नका. बंदर नाकारण्याचा निर्णय त्यांचा नसतो. या जहाजांवर काम करणाऱ्यांत गोव्याची, मुंबईची, वसईची कितीतरी मुलं-मुली असतात. २०२० च्या उन्हाळ्यात प्रवासी घरी पोचल्यानंतरही यातले हजारो जण उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे समुद्रात होते. त्यांच्याशी नीट बोला. हातात असेल ती मदत ते करतातच.

*सावधान: ‘कप्तानाने जबरदस्तीने तरी बंदराला लावावं’ अशा सह्यांच्या मोहिमा जहाजावर लगेच सुरू होतात. ‘वेस्टरडॅम’ला फेब्रुवारी २०२० मध्ये फिलिपीन्स, तैवान, जपान, गुआम आणि थायलंड या पाचही ठिकाणी नकार मिळाला, शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानूकव्हिलला घेतलं. बंदराच्या परवानगीशिवाय कोणताही कप्तान धक्क्याला लागू शकत नाही. तो वेळ वर दिलेल्या पाच कामांना द्या.*

टप्पा ९: परत आल्यावर पैसे मागताना

आधी क्रूझ कंपनीला लिहा, प्रत एजंटला. मोघम ‘सहल वाया गेली’ लिहू नका. बंदराचे कर इतके, रद्द झालेल्या सहलीचे इतके, कमी झालेल्या दिवसांचे इतके, अशा वेगवेगळ्या ओळी करा आणि प्रत्येकीपुढे करारातल्या कलमाचा क्रमांक घाला. उत्तरासाठी तारीख द्या.

कंपनी बहुधा रोख पैशांऐवजी पुढच्या सफरीसाठीचं क्रेडिट देऊ करते. स्वीकारण्याआधी तीन गोष्टी विचारा: मुदत किती, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, आणि ते घेतल्यावर रोख परताव्याचा हक्क जातो का. वयस्कर जोडप्यांनी शक्यतो रोखच मागावी. साथीत कंपन्याही बंद पडतात. मुंबईहून चालणारी जलेश क्रूझेस २०२० मध्ये बंद झाली, क्रूझ चालवणारी गेंटिंग हाँगकाँग कंपनी जानेवारी २०२२ मध्ये कोसळली. बंद पडलेल्या कंपनीच्या क्रेडिटचं काही करता येत नाही.

विमा कंपनीने दावा फेटाळला तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे वर्षभरात तक्रार करता येते, तीही शुल्काशिवाय.

एजंट किंवा भारतातली कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरेच परतावे इथेच सुटतात. नाही सुटले तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे सांगलीच्या माणसाला मुंबईच्या एजंटविरुद्ध सांगलीत दाद मागता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

परदेशी सफरीच्या पॅकेजवर एजंटने टीसीएस (पैसे घेतानाच वसूल केलेला आयकर) कापला असेल, तर सफर रद्द झाल्यावर तो परताव्याच्या रकमेत आहे का ते पाहा. अनेकदा नसतो, कारण तो सरकारकडे भरला गेलेला असतो. अशा वेळी आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक कर-विवरणात (फॉर्म २६एएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) नोंद दिसते का ते तपासा आणि त्या वर्षीच्या आयकर विवरणपत्रात तो मागा. नोंदच दिसत नसेल तर एजंटकडे टीसीएसचं प्रमाणपत्र लेखी मागा आणि ते मिळेपर्यंत हिशेब पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका.